प्राण वाचले, हाताचे काय?

पक्षाघाताच्या रुग्णाचे प्राण वाचले की उपचार संपले, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः लुळ्या हाताचे दुखणे तेथूनच सुरू होते. स्नायूंचा आधार सुटलेला खांदा हाताच्या भारानेच निसटू लागतो. उठवताना नातेवाइकांनी तोच हात ओढला, तर दुखापत होते. निश्चल ठेवला, तर सांधा आखडतो. उशीचा आधार आणि वेदना न होईल इतकीच नियमित हालचाल यांनी पुष्कळ हानी टळू शकते. पण हे शिकवावे कोणी? २०२१ च्या केंद्रीय कायद्याने भौतिकोपचाराच्या शिक्षणाचे व व्यवसायाचे नियमन केले. परंतु उपचारक तालुक्याच्या रुग्णालयात नसेल, तर त्याचा उपयोग काय? रुग्णाला घरी पाठवण्यापूर्वी कुटुंबीयांना हे धडे देणे रुग्णालयांना बंधनकारक करावे. त्यास निधीपेक्षा निश्चयच अधिक लागेल.