अनोळखी आवाजासाठी चार पैसे

येरमाळ्यात चैत्र पौर्णिमेला येडेश्वरी देवीची यात्रा भरते. चुनखडी वेचण्याच्या विधीला येणाऱ्या भाविकांच्या मेळ्यात संबळ, तुणतुणे आणि आराधी गाणी असतातच. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि अशा गाण्यांना बड्या रेकॉर्ड कंपन्यांची मेहेरबानी लागेनाशी झाली. जत्रेतला गिऱ्हाईक देवीचे चित्र बघून, गायकाचे नावही न ऐकता कॅसेट घेई. त्या बेभरवशाच्या खरेदीवरच गावोगावचे गायक उभे राहिले.

या गाण्यांतले बरेचसे सुमार असते, सिनेमाच्या चालींवर बेतलेले असते, हा आक्षेप खराच आहे. पण सुमाराला वाव नसेल तिथे प्रल्हाद शिंदेंसारखा नवा लोकगायक तरी कुठून यायचा? दुसरा आक्षेप असा, की यूट्यूबवर सगळे फुकट असताना विकत कशाला घ्यायचे? कारण यूट्यूब बहुधा आपल्या जुन्या आवडीचेच पुढे सरकवते, आणि फुकटचे गाणे अर्ध्यात सोडताना जिवावर येत नाही. पैसे मोजलेले गाणे माणूस दुसऱ्यांदा ऐकतो. अनोळखी आवाज तेव्हाच कानात बसतो. मेमरी कार्डात भरून मिळणाऱ्या शेकडो गाण्यांत तर गायकाचे नावच गळून पडते. यंदा यात्रेत एखाद्या आराधी मेळ्याने आपले ध्वनिमुद्रण विकायला ठेवले असेल, तर घासाघीस न करता घ्या आणि गाणाऱ्याचे नाव विचारून घ्या.