हल्क पुन्हा बनवता येईल?

परवा भाच्याशी कडाक्याचा वाद झाला. विषय काय, तर हल्क! त्याचं म्हणणं, ब्रूस बॅनरवर गॅमा किरण पडले हा अपघात; पण डोस मोजून तेच पुन्हा केलं की दुसरा हल्क तयार. "विज्ञान म्हणजे हेच ना, मामा?"

अजिबात नाही! स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा हल्क आला १९६२ साली. त्याआधीच, १९४६ मध्ये, लॉस अलामॉसला लुई स्लोटिनच्या हातातला स्क्रूड्रायव्हर सटकला आणि न्यूट्रॉन व गॅमा किरणांचा मारा त्याच्यावर झाला. हल्क-बिल्क काही झाला नाही. ९ दिवसांनी गेला बिचारा.

बॅनरचा हल्क झाला तो किरणांमुळे की त्याच्या शरीरातल्या कशामुळे? हे कळायला तोच मारा शेकडो माणसांवर करावा लागेल. एखादा हल्क होईलही, बाकीचे स्लोटिन होतील. म्हणून 'बनवता येईल का' हे नंतर. कोणावर करून बघणार, ते आधी सांगा!

भाचा म्हणाला, "कैद्यांवर."

गंमत इथे संपली. अमेरिकेत ओरेगॉनच्या तुरुंगात १९६३ पासून कैद्यांच्या वृषणांवर खरोखरच क्ष-किरण सोडले होते. कॉमिकमध्ये नाही, प्रत्यक्षात.

असो. भाचा अजून रुसलाय. रुसू दे.