बंदी कसली घालता, उलटायला शिकवा

गेल्या हिवाळ्यात आमच्या क्लबच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. यापुढे कुणीही डिंगी घेऊन एकट्याने पाण्यात जायचं नाही. कागदावर माझं नाव नव्हतं, पण तो कुणामुळे लागला हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा मी गप्प बसले, कारण चूक माझीच होती. आता बोलते आहे, कारण तो कागद ही दुसरी चूक आहे आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

आधी माझी चूक सांगते. मी मुंबई बंदरात लेझर चालवते. सव्वाचार मीटर लांब, साधारण ५९ किलो वजनाची, एकाच माणसासाठी बनवलेली ही शिडाची होडी. १९९६पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. मुंबईत दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो. जुहूला तो तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतो. गेटवेच्या बाजूला मात्र तोच वारा तुम्हाला किनाऱ्यापासून लांब नेतो. हे मला पाठ होतं. तरी सकाळच्या झुळकीत मजा येत होती म्हणून मी परतायला उशीर केला. वारा वाढला. पाठीवर वारा घेऊन वळताना शिडाखालची आडवी दांडी सपकन दुसरीकडे गेली आणि बोट उलटली. पडताना मी हातातला दोर सोडून दिला. आडवी पडलेली बोट वाऱ्याबरोबर निघाली, माझ्या पोहण्यापेक्षा वेगात. लाइफ जॅकेट होतं, शिट्टी नव्हती. परत कधी येणार हेही मी कुणाला सांगितलं नव्हतं. चाळीसेक मिनिटांनी एका मच्छीमार होडीने मला उचललं.

त्या दिवसापासून घरच्यांनी, क्लबने, ऑफिसातल्या मित्रांनी मला एकच प्रश्न विचारला: "एकटी का गेलीस?" आईने त्याला "मुलीच्या जातीने" अशी जोडही दिली. फक्त होडीवरच्या काकांनी वेगळं विचारलं. "पोरी, दोर कशाला सोडलास?"

खरा प्रश्न तोच आहे. दोर धरून ठेवला असता तर बोट माझ्यापाशी राहिली असती आणि मी पाच मिनिटांत परत वर चढले असते. निदान तसं व्हायला हवं होतं. पण दोन वर्षांत मला क्लबमध्ये कुणी मुद्दाम बोट उलटवायला लावली नव्हती. उलटणं म्हणजे नापास होणं, असंच सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. सर्व्हर कधी पडणारच नाही असं धरून आमच्याकडे कुणी सिस्टिम बांधत नाही. तो पडणार हे गृहीत असतं. पडल्यावर किती वेळात उठतो, हे तपासायला आम्ही तो मुद्दाम पाडून बघतो. डिंगीचंही तसंच आहे. ती उलटते, तिच्या रचनेतच ते आहे. म्हणून मला एवढंच तपासायचं आहे: उलटल्यावर बोट आणि माणूस एकत्र राहतात का, आणि माणूस एकट्याने ती सरळ करतो का?

याची सुरुवात जमिनीवर होते. बोटीचं तोंड वाऱ्याकडे ठेवून शीड चढवायचं. पाणी काढायच्या भोकाचं बूच घट्ट बसलंय का, ते हाताने चाचपायचं, नजरेवर भरवसा नाही. डोलकाठी दोराने बोटीला अडकवायची, नाहीतर बोट पूर्ण पालथी झाली की ती निसटते. तळातून खाली जाणारी फळीही बांधायची. ती गेली तर बोट सरळ करायला तरफच उरत नाही. सुकाण्याची खिट्टी लागली आहे का? शीड आवळायच्या दोराच्या टोकाला आठच्या आकड्याची गाठ आहे का? एकटं असताना तो दोर खाचेत पक्का अडकवून ठेवायचा नाही. झोत आला की ढिला करायचा, शीड फडफडतं आणि जोर निघून जातो. आणि पाण्यात पडलात तरी तो मुठीतून सोडायचा नाही.

मग उलटायचं, मुद्दाम. बोटीचं तोंड वाऱ्याकडे वळवा, शिडाचा दोर मोकळा आहे ना बघा, फळीवर चढा, बोटीची कड धरून मागे झुका. माझं वजन ५४ किलो आहे. ताकदीने मला हे जमलं नाही, पाय फळीच्या टोकाकडे सरकवल्यावर जमलं. हे पुस्तकात वाचून कळत नाही, नाकात दहा वेळा खारं पाणी गेल्यावर कळतं.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. वारा ८ नॉटचा १२ नॉट झाला तर आपल्याला "थोडा वाढला" असं वाटतं. पण शिडावरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सव्वादोन पट होतो. म्हणून आधी वाऱ्याच्या दिशेने वर जायचं, म्हणजे दमल्यावर परतीची वाट सोपी राहते. ज्या किनाऱ्यावर वारा बाहेर ढकलतो, तिथे सोबतीला मोटरबोट नसेल तर मी आता एकटी जात नाही. परतायची वेळ एका माणसाला सांगून जाते. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर त्या माणसाकडे असतो.

क्लबचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. सोबत दुसरी बोट असली तर मदत लवकर मिळते, हे मी पाण्यात चाळीस मिनिटं तरंगून शिकले आहे. पण दोघांच्या डिंगीत दोघंही एकाच वेळी पाण्यात पडतात. दोघांनाही बोट सरळ करता येत नसेल, तर दोन माणसं तरंगत राहतात, एवढाच फरक. बंदीने अशीच माणसं तयार होतात. कोळ्यांनाही बंदी असते, १ जून ते ३१ जुलै. पण ती समुद्र आणि माशांची वीण बघून आहे. तिला कारण आहे आणि शेवटची तारीखही आहे. आमच्या कागदावर दोन्ही नाहीत.

रील टाकून "भीती सोडा, निघा" म्हणणारेही मला तेवढेच खटकतात. बंदीवाले आणि हे, दोघंही सुरक्षितता म्हणजे हिंमत किंवा नशीब समजतात. कॅप्टन दिलीप दोंदे २००९-१०मध्ये एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. आपण त्यांची हिंमत सांगतो. त्याआधी 'म्हादेई' गोव्यात बांधून घेण्यात आणि शिकण्यात गेलेली जवळपास तीन वर्षं सांगत नाही. २०१८मध्ये दक्षिण हिंदी महासागरात अभिलाष टॉमींची बोट वादळात उलटली, डोलकाठी मोडली, पाठीचा कणा दुखावला. संकटाचा संदेश पाठवायची सोय त्यांच्यापाशी होती, म्हणून ते एकटे असूनही सापडले. तेच टॉमी २०२३मध्ये त्याच शर्यतीत दुसरे आले. त्या वादळानंतर कुणी त्यांच्यावर कायमची बंदी घातली असती तर?

माझी मागणी साधी आहे. तो कागद काढा आणि परीक्षा लावा. दहा नॉट वाऱ्यात, मोटरबोट बाजूला उभी करून, प्रत्येकाने तीनदा बोट उलटवायची आणि एकट्याने सरळ करून वर चढायचं. त्यात एकदा पूर्ण पालथी. जमलं तर एकट्याने जायची मुभा, ठरलेल्या वाऱ्यात आणि ठरलेल्या हद्दीत. नाही जमलं तर पुढच्या रविवारी पुन्हा. समितीवाल्यांनीही द्यावी. पहिला नंबर माझा लावा. या वेळी दोर सोडणार नाही.