निसर्ग फुकट आहे, पाणी नाही : गावाकडची हाफ मॅरेथॉन हा धंदा आहे का?



पावसाळा रंगात आला की माझ्याकडे एक आयडिया हमखास येते. "सर, आमच्या गावाजवळ धरण आहे, घाट आहे, भातखाचरं आहेत, एकदम भारी लोकेशन. तिथं हाफ मॅरेथॉन घेऊ का? हजार लोक, प्रत्येकी हजार रुपये, झाले दहा लाख!" बहुतेकांचा कॅल्क्युलेटर इथंच थांबतो. दहा लाखांच्या पुढं बटण दाबायची कुणाची तयारी नसते.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग पटवायचा प्रयत्न करतो. तुमच्यापैकी दहातल्या नऊ जणांनी ही स्पर्धा भरवू नये. स्पर्धेच्या आजूबाजूला धंदा करावा. आणि जो दहावा आहे, ज्याला भरवायचीच आहे, त्यानं लहान भरवावी आणि गावाला बरोबर घेऊन भरवावी.

आता तुम्ही म्हणाल, सातारचं काय? बरोबर आहे, सातारा हिल हाफ मॅरेथॉन हे आपल्याकडचं मोठं उदाहरण आहे. 2012 पासून सुरू झाली. सातारा शहरातून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं वर जायचं आणि तसंच खाली यायचं. धुकं, पाऊस, हिरवागार डोंगर. पुढं गिनेस बुकातही नोंद झाली. पण ही स्पर्धा कुणी एका माणसानं पैसे कमवायला काढलेली नाही. ती सातारच्या धावणाऱ्या मंडळींच्या फाउंडेशननं उभी केली. पहाटे पाण्याच्या टेबलामागं उभी राहणारी माणसं, चढावर टाळ्या वाजवणारी पोरं, यातले बरेच जण पगारावर नसतात. तुम्ही कंपनी म्हणून उतरलात तर हीच माणसं तुम्हाला मोबदला मागणार, आणि त्यांनी मागायलाच हवा. म्हणजे सातारचं गर्दीचं गणित तुम्हाला दिसतं, पण खर्चाचं गणित तुम्हाला लागू होत नाही.

चला, मग आपलंच गणित मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या तालुक्यात वेगळे निघतील. प्रवेश फी 1,200 रुपये. एका धावपटूमागं टी-शर्ट, मेडल, बिब नंबर आणि त्यातली चिप, नाश्ता, पाणी, ऑनलाइन नोंदणीचं कमिशन, असं सगळं धरून 750 रुपये. उरले 450. आता जो खर्च माणसं कितीही आली तरी होतोच तो बघा : रुग्णवाहिका, डॉक्टर, बॅरिकेड, साउंड, जनरेटर, फिरती स्वच्छतागृहं, मोजणी, जाहिरात. अडीच लाख धरा. 500 जण आले तर हातात येतात 2,25,000. म्हणजे 25 हजारांचा तोटा, आणि सहा महिन्यांची तुमची मेहनत त्यात धरलेलीच नाही. ना नफा ना तोटा गाठायला 556 माणसं लागतात. शिवाय नोंदणी हलत नाही म्हणून पहिल्या 300 जणांना तुम्ही 200 रुपये सूट दिलीत, तर तोटा 85 हजारांवर गेला. आणि गंमत म्हणजे मेडल आणि टी-शर्टची ऑर्डर माणसं किती येणार हे कळायच्या आधी द्यावी लागते. स्पर्धेची तारीख छापलेली 300 मेडलं घरी उरली तर ती कुणाला विकणार?

जीएसटीचं मी इथं बोलत नाही, ते तुमच्या सीएला आधी विचारा. नंतर नाही, आधी.

अंतराचंही असंच आहे. हाफ मॅरेथॉन म्हणजे 21.0975 किलोमीटर, 'साधारण एकवीस' नव्हे. बाइकच्या मीटरवर मोजून चालत नाही. मोबाइलचं जीपीएस घाटातल्या वळणांवर आणि झाडीत गडबडतं. अधिकृत मोजणी सायकलनं होते. पुढच्या चाकाला काउंटर लावतात, आधी माहीत असलेल्या अंतरावर सायकल चालवून तो तपासून घेतात आणि मग सगळा रस्ता, वळणाच्या आतल्या बाजूनं, माणूस ज्या सर्वात जवळच्या रेषेनं धावेल त्या रेषेनं मोजतात. वर किलोमीटरमागं एक मीटर जादा धरतात, म्हणजे स्पर्धा चुकूनही कमी भरायला नको. धावणारा माणूस वर्षभर आपली वेळ दोन मिनिटांनी कमी करायला झटत असतो. त्याला तुम्ही 400 मीटर कमी पळवलंत तर त्याची वेळ खोटी ठरते. गावातल्या दुकानदारानं वजनात मारलं तर आपण काय म्हणतो? तेच तो तुमच्याबद्दल म्हणणार, आणि धावणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर म्हणणार.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आहे त्याकडं येतो. 'सीनिक' रस्ता म्हणजे काय? जिथं गाड्या कमी, वस्ती कमी, झाडी जास्त, मोबाइलची रेंज येऊन जाऊन. म्हणजेच जिथं मदत उशिरा पोहोचते. लोकेशन जितकं भारी तितकी तुमची जबाबदारी जड. जाहिरातीत तुम्ही जो एकांत विकताय, त्याच एकांतात एखाद्याला चक्कर येणार आहे.

22 मे 2021. चीनमधल्या गान्सू प्रांतात बाइयिनजवळ 100 किलोमीटरची डोंगरी स्पर्धा होती. जागा अप्रतिम, म्हणूनच लोक आलेले. दुपारपर्यंत वारा सुटला, गारा आणि गोठवणारा पाऊस आला. धावपटू पातळ कपड्यांत होते, कारण गरम जॅकेट जवळ ठेवण्याची सक्ती नव्हती. अडकले ते नेमके दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मधल्या चढावर, जिथं गाडी पोहोचत नव्हती. 21 माणसं गेली. त्यात लियांग जिंगसारखा चीनचा अव्वल धावपटूही होता, म्हणजे नवख्यांचीच ही गोष्ट नाही. आणि काही जणांचा जीव वाचवला तो कुणी? एका मेंढपाळानं. त्याला जवळची गुहा माहीत होती. तिथं त्यानं शेकोटी पेटवली आणि सापडतील तेवढ्यांना आत आणलं.

तुम्ही म्हणाल, सर, तो 100 किलोमीटरचा डोंगर, आमचा 21 किलोमीटरचा डांबरी रस्ता. मान्य. आपल्याकडं थंडीनं नाही, उकाड्यानं आणि दमट हवेनं माणूस पडतो. ओल्या घाटात उतारावर पाय घसरतो. पण प्रश्न तोच आहे. चौदाव्या किलोमीटरला माणूस पडला तर त्याच्यापर्यंत किती मिनिटांत पोहोचाल? रस्ता एकेरी असेल आणि त्यावर 500 जण पळत असतील, तर रुग्णवाहिका कुठून आत शिरणार? तिथली मळ्याची वाट कुणाला माहीत आहे? हे उत्तर कागदावर नसेल तर पोलीस, बांधकाम विभाग, ग्रामपंचायत आणि जंगलातून रस्ता असेल तर वनविभाग, या सगळ्यांची परवानगी हातात असूनही तुम्ही तयार नाही. माझ्या हिशोबात त्या मेंढपाळासारखा, रस्ता पायाखालचा असलेला माणूस दर दोन किलोमीटरला हवा, आणि त्याला दिवसाची मजुरी हवी. टोपी आणि सर्टिफिकेट देऊन भागवू नका.

आणि हवामान खात्याचा इशारा आला तर स्पर्धा रद्द करायची. तो निर्णय कोण घेणार आणि फीचं काय होणार हे नोंदणीच्या पानावर आधीच लिहायचं. ज्याला स्पर्धा रद्द करणं परवडत नाही, त्याला ती भरवणंही परवडत नाही.

एवढं ऐकून नऊ जण हिरमुसले असतील. थांबा, खरा धंदा तुमच्यासाठीच आहे.

पाण्याचंच बघा. 21 किलोमीटरवर दर अडीच किलोमीटरला टेबल, म्हणजे आठ टेबलं. 500 माणसं, प्रत्येक ठिकाणी 200 मिली. झाले 800 लिटर, म्हणजे वीस लिटरचे 40 जार. शेवटच्या रेषेसाठी आणि सांडलवंडीसाठी धरून 60 मागवतील. गावातल्या जारवाल्याला ही एका सकाळची रोख ऑर्डर आहे. केळी, मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी : यातलं शहरातून काय आणायची गरज आहे? महिला बचत गट हे सहज करू शकतो.

राहण्याचं तर विचारूच नका. बाहेरगावचा धावपटू बिब नंबर घ्यायला आदल्या दिवशीच येतो आणि पुष्कळदा बायको-पोरांना घेऊन येतो. पण त्याला काय हवं असतं? रात्री सातला जेवण, आणि तेही झणझणीत नको. वरण-भात, बटाट्याची भाजी, दही. पहाटे चारला गरम पाणी, साडेचारला चहा. गाडी लावायला जागा. दहाला परत आल्यावर पुन्हा आंघोळ, आणि मग मात्र मिसळ, चिकन, जे असेल ते दणकून. बहुतेक लॉज दहाला खोली रिकामी करा म्हणतात. तुम्ही 'दुपारी एकपर्यंत राहा' एवढंच म्हणा, पुढच्या वर्षीची खोली याच वर्षी बुक होईल. जाताना सातारला कंदी पेढे घेतले जातात. तुमच्या गावात काय घेतलं जाईल? तांदूळ, काकवी, मध, नाचणीचे पापड? त्याचं अर्धा किलोचं पाकीट तयार आहे का?

फ्रान्समधल्या मेडोकच्या मॅरेथॉनमध्ये 1985 पासून हेच चाललंय. द्राक्षमळ्यांमधून रस्ता जातो आणि वाटेत पाण्याबरोबर तिथली वाइन चाखायला देतात. लोक चित्रविचित्र वेशात पळतात, वेळेची फारशी पर्वा करत नाहीत. स्पर्धा म्हणजे त्या भागाच्या मालाचं चालतं-पळतं प्रदर्शन. आपल्याला वाइन नको, पण उसाच्या गावात बाराव्या किलोमीटरला रसाचा अर्धा पेला का नको?

एक गोष्ट मात्र कुणीच हिशोबात धरत नाही. आठ टेबलं, 500 माणसं, म्हणजे 4,000 कागदी पेले. ते शेतात, ओढ्यात, चरात पडणार. दुपारी आयोजक मेडल वाटून पुण्याला निघून जातात आणि पेले गावाकडं राहतात. पुढच्या वर्षी गाव रस्ता देत नाही, मग आयोजक म्हणतात गावकरी अडवणूक करतात. अहो, कासच्या पठारावर बघा. तिथं गर्दी वाढल्यावर प्रवेशासाठी शुल्क आणि ऑनलाइन बुकिंग सुरू करावं लागलं. गर्दीचा भार ज्या जागेवर पडतो त्या जागेचा हिशोब वेगळा मांडावाच लागतो. म्हणून ग्रामपंचायतीशी बोलताना 'सहकार्य करा' म्हणू नका. एका धावपटूमागं गावाला किती रुपये, सफाई कोण करणार आणि किती वाजेपर्यंत, दुधाची गाडी आणि एसटी कशी जाणार, हे लिहून सही करा. सकाळी डेअरीला दूध पोहोचलं नाही तर तुमच्या निसर्गरम्य स्पर्धेचं गावाला काहीच कौतुक नसतं.

तरीही स्पर्धा भरवायचीच असेल तर पहिल्या वर्षी शंभर माणसं घ्या. टी-शर्ट नाही, स्टेज नाही, पाहुणा नाही. चांगलं मोजलेलं अंतर, भरपूर पाणी, एक डॉक्टर, दोन रुग्णवाहिका आणि शेवटी गावचं जेवण. आणि त्याच्याही आधी, येत्या हंगामात जवळच्या एखाद्या स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून नाव द्या. सुरुवातीची रेषा मागू नका, तिथं सगळ्यांचे फोटोच चालू असतात. सतरावा किलोमीटर मागा. तिथं तीन तास उभे राहा आणि येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा, पाणी संपण्याची वेळ आणि शेवटचा माणूस कितीला येतो ते वहीत लिहा. ती वही घेऊन या, मग आपण बजेटला बसू.