रंगस्थळ आणि नाट्यसंहिता : एका उपेक्षित नात्याविषयी

मराठी नाटकाच्या इतिहासलेखनात नाटककार, संहिता, दिग्दर्शक आणि पहिल्या प्रयोगाची तारीख यांना जे स्थान मिळते, ते प्रयोग जेथे घडला आणि घडविला गेला त्या जागेला क्वचितच मिळते. नाट्यगृह म्हणजे सिद्ध झालेले नाटक प्रेक्षकांपुढे मांडण्याची भाड्याची जागा, ही समजूत त्यामागे असावी. व्यावसायिक रंगभूमीपुरती ती खरी असेलही. परंतु साठोत्तरी प्रायोगिक नाटकाचा विचार या समजुतीच्या आधारे करता येत नाही.

दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेतील सभागृहाचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या ‘रंगायन’मध्ये पुढे फूट पडली आणि अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदींनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ची स्थापना केली. १९७४ पासून या संस्थेने छबिलदासच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. ते सभागृह नाट्यगृह म्हणून बांधलेले नव्हते. प्रकाशयोजना, नेपथ्य, ध्वनी यांपैकी कशाचीही सोय तेथे मनाजोगती नव्हती. तरीही ‘छबिलदास चळवळ’ ही संज्ञा रूढ झाली. एखाद्या वाङ्मयीन प्रवाहाला शाळेच्या सभागृहाचे नाव मिळावे, ही घटना पुरेशी बोलकी आहे.

या जागेने नेमके काय दिले? पहिली गोष्ट म्हणजे सातत्य. नवे नाटक आज होईल, पडेल, दुरुस्त होईल आणि पुन्हा होईल, अशी शाश्वती तेथे होती. दुसरी गोष्ट म्हणजे अपयशाची परवड. खर्च बेताचा असल्याने चाळीस प्रेक्षकांपुढे झालेला प्रयोगही संस्थेला बुडवीत नसे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सहवास. आविष्कारने ही जागा आपल्यापुरती राखून ठेवली नाही. अन्य संस्थांनाही ती खुली केली. परिणामी एकाचे नाटक दुसऱ्याने पाहिले, त्यावर वाद झाले आणि त्या वादांतून पुढची नाटके लिहिली गेली. प्रेक्षक आणि नट यांच्यातील अंतर कमी झाल्याने संवादाची जात बदलली. हा बदल संहितेच्या पानावर दिसतो. त्याचे कारण मात्र पानाबाहेर आहे.

संहिता तालमीत घडते, हे मराठी नाटकाला नवे नाही. विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मधील बेणारेचे अखेरचे स्वगत तालमी चालू असताना लिहिले गेले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. सतीश आळेकर यांचे ‘महानिर्वाण’ (१९७४) ‘थिएटर अकॅडमी’च्या गात्या, नाचत्या नटसंचाविना कल्पिता येणे कठीण आहे. पुढे याच संस्थेने १९८५ पासून फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नाटककारांच्या विकासाची योजना राबविली. नाटककार एकांतात घडतो, या रोमँटिक कल्पनेला दिलेले ते कृतिशील उत्तर होते.

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की १९५४ च्या सुमारास सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने हेच कार्य अधिक व्यापक प्रमाणावर केले. स्पर्धेचे ऋण निर्विवाद आहे. गावोगावच्या हौशी संस्थांना तिने रंगमंच दिला. परंतु स्पर्धा नाटकाचा निकाल लावते, त्याची जोपासना करीत नाही. एका रात्रीच्या प्रयोगानंतर लेखकाला जे उमगते, ते वापरण्याची संधी तिच्या रचनेतच नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जो आश्रय देतो तो नियंत्रणही करू पाहतो. १९७२ मध्ये पुण्याच्या ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ने रंगमंचावर आणलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे प्रयोग त्याच संस्थेने थांबविले आणि त्यातून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी जन्मास आली. हा इतिहास विसरता येणार नाही. म्हणूनच एका उदार आश्रयदात्यापेक्षा अनेक लहान जागा असणे अधिक हिताचे ठरते.

अशा जागांचे आयुष्य मात्र दुसऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहिले आहे. छबिलदासची जागा सुटल्यावर आविष्कारला माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान हलवावे लागले. जुहूचे पृथ्वी थिएटर (१९७८) आणि राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचे प्रायोगिक नाट्यगृह (१९८६) या मुंबईतील, तर सुदर्शन रंगमंच ही पुण्यातील महत्त्वाची ठिकाणे. पण मुंबई-पुण्याबाहेर काय? तेथे बहुधा शेकडो आसनांचे एखादे महापालिकेचे नाट्यगृह असते. त्याच्या तारखा सत्रांच्या हिशेबाने वाटल्या जातात. नाटक त्या सत्रात येते आणि सत्र संपताच नेपथ्य उचलून निघून जाते. रंगमंचावर चार दिवस सलग तालीम करणे नवोदित संस्थेला परवडत नाही. तालमी कोणाच्या तरी गच्चीवर किंवा वर्गात होतात, आणि नाटककाराला आपल्या नाटकाचा अवकाश प्रथम दिसतो तो थेट प्रयोगाच्या दिवशी.

यावर उपाय सुचविताना नवी भव्य नाट्यगृहे मागण्याची प्रथा आहे. गरज वेगळी आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी रिकामी राहणारी सकाळची सत्रे अपूर्ण नाटकांच्या तालमींसाठी नाममात्र दरात द्यावीत. निवड करणाऱ्या समितीत प्रशासकांइतकेच रंगकर्मी असावेत. आणि त्या नाटकाचा आशय काय असावा, हे ठरविण्याचा अधिकार समितीला नसावा. एवढे नियमात बसविले तरी बरेच साधेल.

विद्यापीठीय मराठी विभागांनाही या प्रश्नापासून अलिप्त राहता येणार नाही. नाटक अभ्यासक्रमात नेमले जाते, त्यावर प्रबंध लिहिले जातात. पण मुद्रित संहिता हाच अंतिम पाठ मानून. त्या संहितेचे तालमीतील खर्डे, बदललेले प्रवेश, जागेने लादलेल्या मर्यादा यांची नोंद करणारे संशोधन विरळा आहे, आणि ज्यांच्या आठवणींत हा पुरावा आहे त्या पिढीतील बरीच माणसे आता काळाआड गेली आहेत. अरुण काकडे २०१९ मध्ये गेले. उरलेल्यांच्या मुलाखती घेणे हे आजचे काम आहे. त्याबरोबरच, बहुतेक महाविद्यालयांची सभागृहे सायंकाळी कुलूपबंद असतात, याचीही दखल घ्यावयास हवी. छबिलदासचे सभागृह हेदेखील अखेर एका शाळेचेच सभागृह होते.