एका खंड्याचा जीव आणि विज्ञानाची गरज

प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांपैकी ग्वाडलकनाल हे बेट जगाला माहीत झाले ते दुसऱ्या महायुद्धातील घनघोर लढाईमुळे. या बेटावर दोन हजार मीटरहून उंच डोंगर आहेत, त्यांवर दाट, शेवाळलेले, कायम धुक्यात बुडालेले उष्णकटिबंधीय जंगल आहे आणि त्या जंगलात एक विलक्षण देखणा खंड्या राहतो. नारिंगी अंग, निळीशार पाठ आणि चोचीच्या मुळापासून गालावर गेलेली निळी रेघ. या रेघेमुळेच त्याचे नाव पडले ‘मिशाळ खंड्या’. आपल्याकडचा खंड्या ओढ्याकाठच्या तारेवर सहज दिसतो. हा मात्र शास्त्रज्ञांना जवळजवळ शतकभर हुलकावणी देत राहिला. ग्वाडलकनालवरील त्याच्या जातीचे जगभरच्या संग्रहालयांत मिळून तीनच नमुने होते. एक 1920 च्या दशकातला आणि दोन 1950 च्या दशकातले. तिन्ही माद्या होत्या. नर कोणत्याही शास्त्रज्ञाने पाहिलेला नव्हता.

सप्टेंबर 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे शास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फिलार्डी यांच्या मोहिमेला हा नर सापडला. पक्षी धरण्याच्या बारीक जाळ्यात तो अडकला, त्याची छायाचित्रे निघाली आणि ती जगभर झळकली. पक्षीप्रेमी हरखून गेले. मग बातमीचा उरलेला भाग बाहेर आला. तो नर सोडून देण्यात आला नव्हता. संग्रहालयातील नमुना म्हणून त्याला मारण्यात आले होते. कौतुकाची जागा संतापाने घेतली. ज्याला वीस वर्षे शोधले, त्याला सापडताच मारायचे, हे कसले संशोधन, असा प्रश्न जगभरातून विचारला गेला.

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर संतापातून मिळणार नाही, कारण संग्रहालयांच्या कपाटांतील निर्जीव पक्ष्यांनी जिवंत पक्ष्यांवर आणि माणसांवरही मोठे उपकार केले आहेत. बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच का फुटतात, याचा उलगडा 1967 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी केला, तो संग्राहकांनी जमवलेल्या जुन्या अंड्यांची कवचे मोजून. डीडीटीसारखी कीटकनाशके वापरात आल्यानंतरच्या अंड्यांची कवचे आधीच्या अंड्यांपेक्षा पातळ निघाली. पुढे या रसायनांवर निर्बंध आले, त्यामागे या पुराव्याचा मोठा वाटा होता. 1993 मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात धडधाकट तरुण श्वास कोंडून मरू लागले. कारण होते उंदरांतून पसरणारा हंता विषाणू. तो नवा आहे की जुना, प्रयोगशाळेतून निसटला आहे की काय, अशा शंका उठल्या. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संग्रहालयात वर्षानुवर्षे गोठवून ठेवलेल्या उंदरांच्या ऊतींनी उत्तर दिले. विषाणू तिथल्या उंदरांत आधीपासूनच होता. ते उंदीर पकडले गेले, तेव्हा हंताचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. नमुन्याचे मोल हेच असते. उद्या कोणता प्रश्न पडेल हे आज कुणालाच ठाऊक नसते.

महाराष्ट्राला तर याचा जवळचा दाखला आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड शंभराहून अधिक वर्षे कुणाला दिसले नव्हते आणि ते नामशेष झाले असे मानले जात होते. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील जुने नमुने तपासले, तेव्हा रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1914 मध्ये मिळवल्याचे सांगितलेला नमुना बनावट ठरला. दुसऱ्याने गोळा केलेला जुना पक्षी चोरून, त्याला नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. चिठ्ठीवरचे खोटे ठिकाण बाजूला ठेवून रासमुसेन व त्यांचे सहकारी खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांमागे गेले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. जुने नमुने नसते, तर तो कुठे शोधायचा हेच कळले नसते. पण याच गोष्टीची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. नमुना स्वतः खोटे बोलत नसला, तरी तो गोळा करणारा बोलू शकतो. म्हणून ‘शास्त्रज्ञ सांगतो म्हणजे ते योग्यच’ एवढ्यावर विषय संपत नाही.

फिलार्डी यांनी आपली बाजू लपवली नाही. त्यांचे म्हणणे असे, की हा पक्षी शास्त्रज्ञांसाठी दुर्मीळ असला, तरी त्या जंगलात दुर्मीळ नाही. त्यांच्या अंदाजाने तिथे चार हजारांहून अधिक मिशाळ खंडे असावेत आणि त्यातून एक नर काढल्याने जातीला धक्का पोहोचत नाही. स्थानिक लोक तर त्याला ‘म्बारिकुकू’ या नावाने ओळखतात. शिवाय नमुन्यामुळे जनुकांपासून शरीरातील विषारी द्रव्यांपर्यंत सारे तपासता येते, ते छायाचित्रातून कधीच कळत नाही. या युक्तिवादात तथ्य आहे. ग्वाडलकनालच्या खंड्याला खरा धोका शास्त्रज्ञाच्या जाळ्याचा नाही. सॉलोमन बेटांवर लाकडासाठी चाललेली तोड त्याहून कितीतरी मोठी आहे. एका पक्ष्यासाठी जगभर हळहळणारे लोक त्या बेटावरून निघालेल्या ओंडक्यांनी भरलेल्या जहाजांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, ही विसंगतीही आहेच.

तरीही एक गोष्ट खटकते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्यावेळी या जातीच्या प्रौढ पक्ष्यांची संख्या 250 ते 1000 इतकी धरली होती. चार हजार हा आकडा मोहीम करणाऱ्यांचा स्वतःचा होता आणि तो लोकांसमोर आला तो पक्षी मारल्यानंतर, टीकेला उत्तर म्हणून. तो बरोबर असेलही. पण ज्या आकड्याच्या भरवशावर जीव घ्यायचा, तो आकडा आधी मांडला गेला पाहिजे, इतरांना तपासता आला पाहिजे. औषधाची चाचणी माणसांवर घेण्यापूर्वी तिचा आराखडा नीतिसमितीपुढे ठेवावा लागतो, निकाल लागल्यावर नाही. दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत वेगळा न्याय का असावा?

याहून वेगळी वाटही आहे आणि ती एका पुणेकर शास्त्रज्ञाने दाखवली आहे. खगोलशास्त्रज्ञ रमण अत्रेय यांना 1995 मध्ये अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट अभयारण्याच्या परिसरात एक अनोळखी पक्षी दिसला. पुढे 2006 मध्ये तो जाळ्यात मिळाला. नव्या जातीच्या घोषणेसाठी एक पक्षी मारून संग्रहालयात ठेवण्याची परंपरा आहे. पण तोवर सारे मिळून अवघे 14 पक्षी दिसले होते. अत्रेय यांनी मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली, आवाज ध्वनिमुद्रित केला, जाळ्यात राहिलेली पिसे जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. तेवढ्या पुराव्यावर नवी जात मान्य झाली. तिथे राहणाऱ्या बुगुन जमातीवरून तिचे नाव ‘बुगुन लिओसिचला’ असे ठेवले गेले. पुढे सिंगचुंगच्या बुगुन ग्रामस्थांनी आपल्या मालकीच्या जंगलातील 17 चौरस किलोमीटरचा पट्टा सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून राखला. नाव मिळालेला पक्षी त्यांना आपला वाटू लागला, यात त्या नावाचाही वाटा असणार.

म्हणून प्रत्येक नमुना गोळा करणे म्हणजे पाप, असे म्हणणे अडाणीपणाचे ठरेल आणि प्रत्येक नमुना ही विज्ञानाची गरज, असे म्हणणे उद्धटपणाचे. मधला मार्ग अवघड नाही. संख्या किती, हे मोहिमेपूर्वी जाहीर करावे. हवी असलेली माहिती पिसांतून, रक्ताच्या थेंबातून किंवा आधीच्या नमुन्यांतून मिळू शकते का, हे तपासावे. मिळत नसेल आणि जात ते नुकसान सोसू शकत असेल, तरच पुढचे पाऊल टाकावे. जंगल ज्यांचे आहे त्यांचा होकार नुसता सोपस्कार नसावा. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संशोधनासाठीही परवानगीची अट घातली आहे. त्या अटीबद्दल संशोधकांनी कुरकुर करण्यापेक्षा परवानगीमागची कारणे लोकांना कळतील अशा भाषेत प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरावा.

कारण दुर्मीळ जातींना वाचवायचे तर लोकांचा शास्त्रज्ञांवर विश्वास हवा. जंगल तोडणाऱ्या कंपनीविरुद्ध साक्ष द्यायला उद्या हेच शास्त्रज्ञ उभे राहणार आहेत. त्यावेळी त्यांचे ऐकले जावे, असे वाटत असेल, तर आज एका खंड्याचा हिशेबही त्यांनी आधीच आणि उघडपणे द्यायला हवा.