टाकाऊ टायर, टिकाऊ रस्ता

कॉलेजच्या वाटेवर पंक्चरवाल्याच्या टपरीमागे जुन्या टायरांचा ढीग आहे. पावसाळ्यात त्यात डास होतात, थंडीत तेच टायर शेकोटीत जळतात. आणि समोरचा रस्ता दरवर्षी उखडतो! या दोन्ही दुखण्यांवर औषध एकच आहे, असे मला वाटते.

ही कविकल्पना नव्हे. अमेरिकेतील फिनिक्स शहराचे अभियंते चार्ल्स मॅक्डोनाल्ड यांनी १९६० च्या दशकात टायरांचा चुरा तापलेल्या डांबरात मिसळून रस्त्यांवर वापरला. पुढे १९९१ साली तेथील केंद्र सरकारने कायद्याने सक्ती केली; विरोध झाला आणि १९९५ मध्ये ती उठली. कॅलिफोर्नियाने निराळी वाट धरली. नवा टायर घेणाऱ्याकडून शुल्क घ्यायचे व त्यातून अशा रस्त्यांसाठी शहरांना अनुदान द्यायचे.

कोणी म्हणेल, हा महागडा रस्ता गरीब नगरपालिकेला कसा परवडावा? प्रश्न रास्त आहे. शिवाय २०२० साली टायरमधील एका द्रव्यापासून बनणारे रसायन पाण्यात उतरून कोहो सामन मासे मारते, असे संशोधकांना आढळले. म्हणून आधी एकाच रस्त्यावर प्रयोग व्हावा, गटाराचे पाणी तपासावे. पैसा टायरवरील शुल्कातून यावा आणि ठेकेदाराचे अखेरचे बिल तीन पावसाळे पाहूनच चुकते करावे.

दरसाल त्याच खड्ड्यात खडी ओतणे, याला काटकसर कोण म्हणेल?